खोडाशी गवत

आनंदीबाईंनी नखाने कडुनिंबाची साल खरवडली. आत हिरवी रेघ दिसायला हवी होती. कोरडा भुसा गळला. त्या पुढच्या झाडाकडे वळल्या. तिथेही तेच.

वारज्याच्या या टेकडीवर फिरायला येणारा प्रत्येकजण घरून बाटलीभर पाणी आणून झाडांना घालायचा. होळीच्या सुमारास वणवा लागला आणि इतक्या वर्षांची झाडं एका दुपारीत गेली. सिगारेट ओढायलासुद्धा लोकांना शुद्ध हवा लागते, असं त्यांच्यातले रंगनाथराव म्हणाले होते. तेव्हापासून सगळे ओढणाऱ्यांनाच शिव्या घालत होते.

आनंदीबाईंनी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. ओल टिकावी म्हणून प्रत्येक खोडाशी वाळलेल्या गवताचा जाड थर द्यायला त्यांनीच सांगितलं होतं. कुणी पातळ घातला तर पुन्हा घालायला लावला होता. उभ्या गवतातली आग झरझर पुढे सरकते. रचलेलं गवत एका जागी धुमसत राहतं. उताराच्या टोकाला गवत पुरलं नव्हतं. तिथल्या करंजांना आता पालवी फुटली होती.

पावसाळ्यात नवी रोपं लावायची होती. त्याआधी सांगायला हवं होतं. घरी त्यांची वाट पाहणारं कुणी नव्हतं. सांगितल्यावर इथेही कुणी वाट पाहिली नसती.

मुनव्वरभाई चढ चढून आले. कॅम्पातलं घड्याळांचं दुकान मुलावर सोपवल्यापासून ते रोज यायचे. त्यांनी जळक्या कडुनिंबाच्या आळ्यात बाटली उपडी केली.

“ते गेलंय, मुनव्वरभाई. पाणी वाया जातंय.”

“आणलंय तर घालतो.”

आनंदीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“गवत घालायला मी सांगितलं होतं. त्यानेच जळाली.”

मुनव्वरभाईंनी बाटलीचं झाकण लावलं. नीट बसलं होतं तरी पुन्हा फिरवलं.

“ठाऊक आहे, बाई.”

“तुम्हाला?”

“सगळ्यांनाच. तुमच्यासमोर विषय काढायचा नाही, असं ठरलंय. यंदा गवत घालायचं नाही, तेही.”

“कधी ठरलं?”

“आग विझवून खाली उतरत होतो तेव्हा. तुम्ही पुढे होतात.”

त्या दिवशी उतरताना मागचं बोलणं मध्येच थांबलं होतं, ते त्यांना आठवलं. दमले असतील बिचारे, असं वाटून त्या हळू चालू लागल्या होत्या.