गंजहारी महाराजांचा काळा पेला

नौपाड्यातल्या मंगल कार्यालयात त्या बुधवारी लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग पडला होता. आत गंजहारी महाराज लोकांच्या किडन्यांवरचा गंज उतरवत होते.

"लोखंड हवेत राहिलं की गंजतं. किडनीचंही तसंच!" महाराज माइकवर गरजले. "मशीन रक्त धुतं, गंज कोण काढणार? आमची वनस्पती! आवळा, शहाळं, बाकी गुपित! अमेरिकेत हिलाच म्हणतात आंटी-ऑक्सिडंट!"

"आंटीचं पानी मना चांगलं ठाऊक हाय," खुर्चीत मान टाकून बसलेला दामाजी पुटपुटला. "खाडीवरच्या आंटीच्या गुत्त्यातलं."

"गप बसा की!" मनुबाईनं नवऱ्याला दटावलं.

शेजारी सरस्वती बसली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. मनुबाई वीस वर्षं तिच्या दारात मासळीची पाटी उतरवत होती. "बाय, तुमी शिकलेल्या, चला संगती," म्हणून तिनंच सरस्वतीला आणलं होतं.

पंधरवड्यापूर्वी होडी ओढताना दामाजीचा पाय चेंगरला. इतकं रक्त गेलं, की किडन्यांना ते पोचेना आणि त्या बंद पडल्या. डॉक्टर म्हणाले होते, "झोपल्यात. जाग्या होईपर्यंत डायलिसिस करू." पुढची पाळी उद्या, गुरुवारी होती. पण महाराजांचा नियम कडक होता: वनस्पती सुरू, मशीन बंद. उद्या नवऱ्याला मशीनवर न्यायचं की नाही, हे मनुबाईला आज ठरवायचं होतं.

सरस्वतीच्या आबांनाही असाच एक रस चालू होता. तेव्हा ती वडीलधाऱ्यांपुढे गप्प बसली होती. आबा गेल्यावर खाटेखालच्या अकरा रिकाम्या बाटल्या तिनंच काढल्या.

महाराजांचा चमत्कार असा होता. दारातच रोग्याच्या हाताला पांढरं भस्म फासत. मग त्यानं पिवळसर तीर्थाच्या पेल्यात बोटं बुडवायची. तीर्थ काळंनिळं होई. हा अंगातला गंज! वरून वनस्पतीच्या रसाचे दोन चमचे पडले, की पाणी स्वच्छ आणि टाळ्यांचा कडकडाट.

"दामाजी कोळी!" शिष्यानं पुकारलं.

दामाजीचा हात सुयांनी सुजला होता, उचलवेना. महाराज डोळे मिटून मंत्र पुटपुटत होते. मनुबाईनं सरळ आपलीच बोटं पेल्यात घातली.

तीर्थ शाईसारखं झालं. महाराजांनी डोळे उघडले, पेला पाहिला आणि कळवळून म्हणाले, "अरेरे! एवढा गंज? किती दिवस लघवी बंद आहे?"

"माजी?" मनुबाई चमकली. "आत्ताच तर जाऊन आलेली."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. महाराज सावरले. "पतीचा गंज पत्नीच्या हाती उतरतो!"

"मग रस मीच पिते. यांना कशाला?"

सरस्वती उठली. "मनुबाई, भस्म लावलं होतंत?"

"नाय बाय. यांना धरू का भस्म लावू? भाकऱ्या थापल्या नि तशीच धावलेली." तिच्या नखांत तांदळाची उकड अजून चिकटलेली होती.

सरस्वतीला हसू आवरेना. "जरा साबणानं हात धुऊन या."

"दैवी कार्यात साबण?" शिष्य आडवा आला.

"गंज अंगातला आहे ना? मग साबणानं थोडाच जाणार?"

"बरोबर!" पहिल्या रांगेतून आवाज आला.

मनुबाईनं हात धुऊन नव्या पेल्यात बोटं बुडवली. पाणी पिवळंच राहिलं. "अजून बुडवू? का पोहू आता?"

सरस्वतीनं दारातल्या ताटातलं चिमूटभर भस्म त्यात टाकलं. पाणी काळंनिळं झालं. मग सर्दीसाठी पर्समध्ये ठेवलेली व्हिटॅमिन सीची गोळी चुरून ढवळली. पाणी स्वच्छ!

"तीर्थात टिंक्चर आयोडीन आहे, जखमेला लावतो ते," ती म्हणाली. "भस्म म्हणजे तांदळाचं पीठ. दोन्ही भेटले की काळं. आवळ्यातल्या सी जीवनसत्त्वानं तो रंग जातो. पेला साफ होतो, किडनी नाही."

"मग ती आंटी खोटी?" मनुबाईनं विचारलं.

"शब्द खरा आहे. थांबलेलं रक्त पुन्हा सुरू झालं, की किडनीत जाळणारे कण तयार होतात. वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं ते रोखतील का, हे शास्त्रज्ञ उंदरांवर तपासताहेत. तेही बहुधा आधी द्रव्य देऊन, मग रक्त थांबवून."

दामाजीनं एक डोळा उघडला. "मंजे मी उंदीर नाय, नि टायम बी गेला."

"अगदी. आणि शहाळ्यातलं पोटॅशियम चालू किडनी बाहेर टाकते. तुमची बंद आहे. मशीनशिवाय ते साचलं, तर हृदय थांबेल."

मनुबाईनं रसाची बाटली शिष्याच्या हातात कोंबली. "चला घरी. उद्या मशीनवर लवकर जायाचंय."

दामाजी गुरुवारी मशीनवर गेला, नंतरही पाच वेळा गेला. तिसऱ्या आठवड्यात त्याला लघवी होऊ लागली आणि मनुबाईनं ती बातमी मासळीबाजारभर ओरडून सांगितली. डॉक्टर म्हणाले, अशा किडन्या पुष्कळदा आपोआप जाग्या होतात. तोवर माणूस जगवावा लागतो. दामाजी रस पिऊन वाचला असता, तर श्रेय महाराजांचं. गेला असता, तर दोष नशिबाचा.

आबांची एक बाटली सरस्वतीनं शाळेच्या प्रयोगशाळेत नेली. तीत ती आता आयोडीनचं पाणी ठेवते.

"बाय, पुन्ना कोनी महाराज आला तर?" मनुबाईनं पाटी उतरवत विचारलं.

"आधी हात धुवायचे."

"नि मग?"

"मग हात धुऊन त्याच्या मागे लागायचं."

वाचकहो, साबण तुमच्याही घरात आहे.