समोरच्याचा दात

चौथा मजला, डावं दार

दात कोरून पोट भरत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा चौथ्या मजल्यावर येऊन बघावं. डावीकडच्या दारात राहणारी मुलगी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा दातच कोरते, आणि त्यावर तिचं आणि तिच्या बाबांचं, दोघांचंही पोट नीट भरतं. डॉक्टर तोंडाचा साचा घेतात, चिठ्ठी लिहितात, दोन्ही लॅबमध्ये पाठवतात. दात घडवते ती. साडेसहा वर्षांत निम्म्या शहराच्या तोंडात तिचं काम जाऊन बसलं, पण त्यातला एकही चेहरा तिने पाहिलेला नाही. चिठ्ठीवर नाव नसतं, नंबर असतो.

इमारतीत तिला दातवाली म्हणतात. तिला राग येत नाही. बाबांच्या तोंडातली कवळीही तिनेच केलेली. बाबा ती वाद घालताना काढून ठेवतात, म्हणजे समोरच्याला काही कळत नाही आणि बाबा हरत नाहीत.

चौथा मजला, उजवं दार

इथे सहा महिन्यांपूर्वी फोटोवाला राहायला आला. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत कामाला. उंच, नीटनेटका, आणि शिष्ट. शिष्ट हे दातवालीचं मत. कारण तो बोलताना तोंडासमोर हात धरायचा, जणू काही समोरच्याच्या तोंडाला वास येतोय.

सहा महिने दोघांचं एवढंच बोलणं झालं:

“पाणी आलं का?”

“आलं.”

तळमजला

मग एका सोमवारी तो फोटोत माणसामागे लावतात त्या पडद्याच्या कागदाची गुंडाळी घेऊन आला. दीड पुरुष लांब. लिफ्टमध्ये मावेना, जिन्याच्या वळणावर वळेना. दातवाली कामावरून येत होती. तिने न विचारता दुसरं टोक खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या मावशी दारात आल्या. मावशींच्या दारावरून कुणी फुकट जात नाही.

“काय रे फोटोवाल्या, मला फोटो परत काढून हवाय.”

“का मावशी? चांगला आलाय की.”

“चांगला? अरे, हुबेहूब माझी सासू आलीय त्यात! ह्यांना दाखवला तर हे खुर्चीतून उठून उभे राहिले. आईसमोर बसायची सवय नाही ना त्यांना!”

फोटोवाला हसला. दोन्ही हात गुंडाळीत अडकलेले. तोंडासमोर धरायला हात उरला नाही.

आणि दातवालीने तो दात पाहिला.

वरचा, समोरचा, उजवा. भिंतीतल्या एकाच विटेला चुना लावावा तसा पांढरा. रंग चुकला होता, पण घडण चुकली नव्हती. शेजारच्या दाताच्या कोपऱ्याला बारीक टवका होता, आणि या दाताला त्याच्या जोडीचा, तितकाच बारीक टवका कोरलेला होता. त्या टवक्यासाठी एक अख्खी दुपार गेली होती. कुणाची, ते तिला पक्कं माहीत होतं.

“जड झालं का?” फोटोवाल्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. आणि टोक खांद्यावर नीट घेऊन जिना चढू लागली.

लॅबच्या कपाटातली चिठ्ठी

केस ७१४. वरचा समोरचा उजवा.
रंग: ए-तीन.
सोबत पेशंटने दिलेला फोटो, ओठ-दातांपुरता.
लवकर हवा.

खाली, निळ्या शाईत, तिच्या अक्षरात:
*फोटोत ए-एक दिसतो. फोटोप्रमाणे केला.*

चिठ्ठीवर नसलेलं

दातांचे रंग नंबराने ओळखतात. ए-एक म्हणजे उजळ, ए-तीन म्हणजे चहा पिणाऱ्या माणसाचा. डॉक्टरांनी ए-तीन लिहिलं होतं. पण फोटो इतका स्वच्छ होता! एरवी लॅबमध्ये येणारे फोटो म्हणजे बोगद्यात काढल्यासारखे. या फोटोत टवकासुद्धा मोजता येत होता. तिला वाटलं, डॉक्टरांनी ट्यूबलाइटखाली घाईत रंग पाहिला असणार. एक फोन करून विचारायला हवं होतं. तिने केला नाही. स्वतःच्या डोळ्यांवर फार विश्वास होता तिचा.

जिन्याची खिडकी, तिसरा आणि चौथा यांच्या मध्ये

गुंडाळीच्या निमित्ताने बोलणं सुरू झालं. मंगळवारी संध्याकाळी ती खिडकीशी चपलेचा पट्टा नीट करत होती, तो वर येत होता, थांबला. बुधवारी पट्टा ठीक होता तरी ती तिथेच होती, आणि तोही थांबला. तो शिष्ट नव्हता. चांगलाच गप्पिष्ट होता, फक्त सगळं हाताआडून.

“तुम्ही दातांतल्या, म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “आठ महिन्यांपूर्वी शिडीवरून पडलो. पडदा लावत होतो. दात तुटला, खुंट उरला. मग कुणा महाभागाने हा करून दिला. बघा.”

त्याने हात पळभर बाजूला केला आणि लगेच परत आणला.

“डॉक्टरांना दाखवला नाही परत?”

“दाखवला. म्हणाले, तुम्हालाच दिसतं, जगाला नाही. बदलायचा तर खुंट परत घासावा लागेल. मी त्या मशीनच्या आवाजानेच अर्धा होतो. राहू दे म्हटलं.” मग जरा थांबून, “तुम्ही केला असता, तर असा केला असता का?”

दातवालीची दातखीळ बसली. खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. एक. दोन.

“नाही,” ती म्हणाली.

“तेच म्हणतो मी! डोळे मिटून काम करतात लोक.” तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग खिडकीलाच सांगावं तसं म्हणाला, “रविवारी तळ्यावर होड्या सुरू होतायत. मला सुट्टी आहे. तुम्ही... म्हणजे दोघांची होडी असते.”

“येईन,” ती म्हणाली.

एका खिडकीत दोन शब्द. एक खोटा, एक खरा. आणि खोट्याने खऱ्याची वाट लावून ठेवली.

लिहिलेले आणि फाडलेले कागद

एक.
*तुमच्या दाताबाबत थोडं कळवायचं आहे.*
(वीज कापण्याच्या नोटिशीसारखं झालं.)

दोन.
*समजा, एखाद्या मुलीने नकळत*
(समजा कशाला? केलंयच की.)

चार.
*तुम्ही हात धरता ना तोंडासमोर, तो माझ्यामुळे*
(पुढे लिहवेना.)

तिसरा कागद फाडलेला नाही. त्यावर तिने काय काय बोलायचं ते एकाखाली एक टिपलं होतं: दात, रंग, खोटं, माफी. बाबांनी ती सामानाची यादी समजून पिशवीत टाकली आणि दुकानात नेली.

“दुकानदार म्हणाला, काका, दातांचा ब्रश आहे, रंग शेजारच्या दुकानात मिळेल,” बाबांनी घरी येऊन सांगितलं. “खोटं आमच्याकडे मिळत नाही म्हणाला. आणि माफी कशाबद्दल, ते विचारून या म्हणाला. म्हणून विचारतोय.”

तिने सगळं सांगितलं.

बाबा (कवळी घालून)

“तेहतीस वर्षं बस चालवली. दोनदा घासली. एकदा खाली उतरून सांगितलं. शिव्या खाल्ल्या, घरी आलो, जेवलो, झोपलो. दुसऱ्यांदा नाही सांगितलं. कुणी पाहिलं नव्हतं. तो स्कूटरवाला अजून कुठे दिसला की मी गल्ली बदलतो.”

“पण बाबा, हा तर समोरच्या दारात राहतो.”

“तेच तर म्हणतोय. गल्ली कुठून आणणार?”

“सांगितलं तर रविवार गेला.”

“गेला तर गेला. सोमवार येतो त्याच्यामागे. मी भात लावू का तू लावतेस?”

शुक्रवार, सकाळी साडेआठ, तीच खिडकी

“तुम्हाला उशीर होईल का?”

“नाही. बोला ना.”

“तो दात मी केलाय.”

“कुठला?”

“तुमचा.”

“गंमत करताय.”

“चिठ्ठी आणलीय. हे माझं अक्षर.”

त्याने चिठ्ठी वाचली. उलटी करून मागचीही बाजू पाहिली. मागे काही नव्हतं.

“तुम्हाला कधी कळलं?”

“सोमवारी. मावशींच्या दारात.”

“सोमवारी. म्हणजे बुधवारी मी विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं.”

तू. सहा महिन्यांत पहिल्यांदा. यायचं तर असं यायला नको होतं.

“हो.”

“आणि तू ‘नाही’ म्हणालीस.”

“हो.”

“दाताचं सोड. दात चुकतो. मी मूर्खासारखा तुलाच विचारत होतो आणि तू उभी राहून...” त्याने हात तोंडाकडे नेला, मध्येच थांबवला, खिशात घातला. “मला उशीर होतोय.”

चिठ्ठी घेऊनच तो खाली उतरला. तिने पायऱ्या मोजल्या नाहीत, पण ऐकल्या सगळ्या. खाली मावशींनी काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. मावशींच्या दारावरून माणूस फुकट गेला, तेव्हा तिला कळलं की किती बिनसलंय.

शुक्रवार, उरलेला

कामात तिने दोन दाढा बिघडवल्या. दोन्ही पुन्हा केल्या.

शनिवार, डावं दार

दार बाबांनी उघडलं. समोर फोटोवाला, काखेत लॅपटॉप.

“काका, आहे का ती?”

“आहे. रडून झालंय. परत सुरू करून देऊ नकोस.”

“बाबा!” आतून आवाज आला.

बाबांनी सरळ कवळी काढली, वाटीत ठेवली आणि आपण या भानगडीत नाही असं दाखवत आतल्या खोलीत गेले. दार मात्र लावलं नाही.

फोटोवाला बसला नाही. उभ्या उभ्याच लॅपटॉप टेबलावर उघडला.

“काल दिवसभर तुझी ती ओळ डोक्यात होती. *फोटोप्रमाणे केला.* मला वाटलं, वा, आता फोटोवर ढकलतेय. मग दुपारी एका आजोबांचा फोटो साफ करत होतो. सुरकुत्या ठेवल्या, डाग काढला, आणि बोट आपोआप दातांवर गेलं. एक टिचकी मारली की दात पांढरे. आमच्या स्टुडिओतून पिवळा दात बाहेर जात नाही. कुणी सांगावं लागत नाही, हात सवयीने जातो.” त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “मग मी हात थांबवला. आणि माझा फोटो शोधला.”

पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी होते. तेच ओठ, तोच टवका. एकात दात ए-एक. दुसऱ्यात, ट्यूबलाइट नाही, घाई नाही, चोख ए-तीन.

“डॉक्टरांना मी साफ केलेला दिला,” तो म्हणाला. “मीच. आणि आठ महिने लॅबला शिव्या देतोय.”

दातवाली खुर्चीत बसली. आधी तिला हसू आलं, मग राग आला, मग दोन्ही एकदम आलं.

“डोळे मिटून काम करतात लोक, नाही का?”

“बोल, बोल. आपलेच दात आणि आपलेच ओठ.”

“पण फोन मी केला नाही,” ती म्हणाली. “चिठ्ठीवर तीन लिहिलं होतं, मला एक दिसत होतं, तर विचारायला हवं होतं. ती अर्धी चूक माझी. आणि बुधवारचं खोटं अर्धं नाही. ते पुरतं माझं आहे.”

“ते आहेच.”

“मग? त्याचं काय?”

“त्याचं मी अजून ठरवलेलं नाही.” तो लॅपटॉप मिटत म्हणाला. “उद्या होडीत ठरवतो. तिथून तुला उतरता येणार नाही, मलाही नाही.”

आतल्या खोलीतून बिनदाताचं काहीतरी ऐकू आलं. अर्थ लागला नाही. सूर बरा होता.

रविवार, सकाळी दहा, तीच खिडकी

रंग बघायचा तर उत्तरेचा उजेड हवा, आणि इमारतीत तो याच एका खिडकीत येतो. होड्या संध्याकाळी सुटणार होत्या, त्याआधी तिने नमुन्याचे दात आणले. पंख्याच्या पात्यांसारखे एका पट्टीवर लावलेले सोळा. तो तिसऱ्या पायरीवर बसला, ती दोन पायऱ्या खाली उभी राहिली.

“परत घासावं लागेल ना?” त्याने विचारलं.

“लागेल. मी येईन बरोबर. मशीनपेक्षा मोठ्याने बोलत राहीन.”

“आणि नवा होईपर्यंत?”

“तात्पुरता बसवतात. तो याहून भयंकर दिसतो. पाच-सहा दिवस.”

“छान. म्हणजे आत्ता आहे हे माझं सगळ्यात देखणं रूप.”

“हात काढा. काढ.”

त्याने हात गुडघ्यावर ठेवला. तिथेही तो अवघडूनच बसला, नव्या नोकरीवर आल्यासारखा.

“जिभेने दात ओला कर. दात सुकला की खोटा उजळ दिसतो.”

त्याने केला. तिने शेजारच्या खऱ्या दाताला ए-तीन लावून धरला. मान तिरकी केली. साडेतीन धरला. पुन्हा तीन.

“साडेतीन,” तो ओठ न हलवता म्हणाला.

“तीन.”

“अगं, माझा दात आहे.”

“माझं काम आहे. आणि कडेला किंचित पारदर्शक आहे, ते तुला आरशात कळणार नाही. नीट दिसत नाहीये, ओठ खाली येतोय. जरा हस.”

“सांगून येत नाही ते. मी रोज बघतो.”

“मग तुम्ही लोक काय करता?”

“थांबतो. कॅमेरा तयार ठेवायचा आणि थांबायचं.”

“किती वेळ?”

“माणसावर आहे.”

ती थांबली. नमुना त्याच्या ओठापाशी तसाच धरून, मनगट स्थिर ठेवून, कामावर ठेवते तसं. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं, दोघांना तसं बघितलं आणि अगदी हळू लावून घेतलं. इतकं हळू की कडी लागायला तीन प्रयत्न लागले.

दुसऱ्या प्रयत्नाला त्याचा ओठ हलला.

“तीन,” ती म्हणाली. “तीनच आहे. हलू नकोस.”