एका खोलीचे घर

"गेनर, तुमच्या नावावर काही बचत आहे?"

इंग्लंडातल्या हॅन्ली गावच्या रोजगार कार्यालयातली ती मुलगी संगणकावरची नजर न काढता विचारत होती. गळ्यातल्या पट्टीवर 'बेथनी' असे लिहिलेले. नखे एवढी लांब, की त्यांनी ती टाइप कशी करते याचेच नवल.

"मिसेस पॉडमोर म्हण," गेनर म्हणाली. "आपण काही मैत्रिणी नाही."

"सॉरी. मिसेस पॉडमोर, बचत?"

"नोकरी ह्याची गेलीय. भत्ता ह्याला हवाय. माझ्या बचतीशी काय देणंघेणं?"

'हा' म्हणजे तिचा नवरा नेव्हिल. तो शेजारच्या खुर्चीत बसून बेथनीचा रिकामा कप उलटा करून बुडावरचा शिक्का वाचत होता. एकतीस वर्षे त्याने कपबश्यांच्या कारखान्यात भट्टी लावली. कारखान्याला टाळे लागून सात महिने झाले, तरी कुठेही कप दिसला की हा उलटा करणारच. गेनरला त्याची ही सवय लग्नाच्या पहिल्या वर्षापासून असह्य होती.

"माल बाहेरचा आहे," तो बेथनीला म्हणाला. "पण भाजलाय छान."

"तुला कुणी विचारलं?" गेनर दात आवळून म्हणाली.

या इमारतीत ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. आजवर बसमधून जाताना दारातली माणसे बघायची आणि 'आयतखाऊ मेले' असे पुटपुटायची. आज त्याच माणसांच्या रांगेत पाऊण तास उभे राहताना तिने कोट अंगाला घट्ट लपेटून घेतला होता, कुणाचा स्पर्श नको म्हणून.

बेथनीने समजावून सांगितले. "पहिले सहा महिने ह्यांना मिळाला, तो भत्ता ह्यांनी भरलेल्या विम्याच्या हप्त्यांवर होता. म्हणून तेव्हा तुमचं काही विचारलं नाही. ते सहा महिने संपले. आताचा भत्ता घराकडे बघून ठरतो. नवरा-बायकोचा मिळून एकच अर्ज. दोघांचा पगार, दोघांची बचत."

गेनर घरून पाकिटाच्या पाठीवर हिशेब करून आली होती. लॉन्ड्रीतला तिचा अर्ध्या दिवसाचा पगार त्यात होता. कारखाना बंद होताना नेव्हिलला मिळालेली रक्कम घराचे उरलेले कर्ज फेडण्यात गेली, तेही होते. एक आकडा मात्र तिने लिहिला नव्हता.

तो आकडा अकरा वर्षांपूर्वी सुरू झाला होता. कारखान्याने नेव्हिलला मुकादम करायचे ठरवले होते. पगार वाढणार, अंगावर पांढरा कोट येणार. गेनरने चार घरी सांगूनसुद्धा टाकले होते. आणि हा संध्याकाळी घरी येऊन चीजचा ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाचे धिरडे, खात शांतपणे म्हणाला, "नको म्हटलं मी. माणसांवर ओरडायला मला नाही जमणार." त्या क्षणी गेनरच्या मनातून तो उतरला, तो कायमचा. पुढच्या सोमवारी तिने पतसंस्थेत स्वतःच्या एकटीच्या नावाने खाते काढले. आठवड्याला तीस पौंड. कमी पडले तर लोकांचे शर्ट घरी आणून इस्त्री करायची. लँडुडनोला, समुद्राकाठी, लहानसे घर. तिथे नेव्हिलचे चहाचे भुरके ऐकू येणार नाहीत.

"सगळं खरं सांगितलंय म्हणून खाली सही करावी लागेल," बेथनी म्हणाली.

नाही म्हणणे सोपे होते. पण गल्लीतल्या शेरिलने घरात राहणारा मित्र लपवून भत्ता घेतला, तेव्हा फोन करून तिची तक्रार गेनरनेच केली होती. शेरिलचे पैसे थांबले त्या आठवड्यात ती मुद्दाम दोनदा तिच्या दारावरून गेली होती. शेरिलच्या पंगतीला बसणे तिच्याने होणार नव्हते.

"आहे," ती म्हणाली. "पतसंस्थेत. अठरा हजार चारशे."

नेव्हिलने कप टेबलावर ठेवला.

"पौंड?" त्याने विचारले.

"नाही, बटणं."

बेथनीने पहिल्यांदा नजर वर केली. तिने आधी नेव्हिलकडे पाहिले, मग पुन्हा पडद्याकडे. "मग भत्ता नाही बसत. सोळा हजारांच्या वर एक पेनीही नाही. खाली आलात की परत अर्ज करा, थोडंफार मिळेल. पण मुद्दाम उधळले, कुणाच्या नावावर केले, तर ते तुमच्याकडे आहेतच असं धरतात."

"म्हणजे दोघांनी बसून खाऊन संपवायचे."

"रोजच्या खर्चाला वापरायचे," बेथनी हळूच म्हणाली.

नेव्हिल उठला. "थँक्यू हं, पोरी," तो म्हणाला आणि खुर्ची जागेवर सरकवून बाहेर पडला.

बसथांब्यावर तो बसचे वेळापत्रक वाचत उभा राहिला. शेवटी गेनरलाच राहवले नाही.

"बोल ना काहीतरी! शिव्या दे. की त्यालाही मुकादमच लागतो?"

"कशासाठी होते?" नेव्हिलने विचारले.

"घरासाठी. लँडुडनोला."

त्याचा चेहरा जरासा उजळला. "आपल्याला?"

आता खोटे बोलायला कुठेही सही करायची नव्हती. हो म्हटले असते तर त्याने विश्वासही ठेवला असता, एवढा तो भोळा. त्या भोळेपणाचीच तिला चीड आली.

"नाही," ती म्हणाली.

नेव्हिलने विचारले, "किती खोल्यांचं बघत होतीस?"

"एका."

"एका," तो म्हणाला. बस आली, दार उघडले, गेनर चढली. तो चढला नाही. खालूनच म्हणाला, "तू जा. मी चालत येतो." घर तीन मैलांवर होते.

तो तासाभराने आला आणि बूट दारात काढून म्हणाला, "ते पैसे तुझे. त्यातली एक पेनीसुद्धा मला नको. जायचं तेव्हा जा, मी आडवा येणार नाही."

"आणि तू काय खाणार? हवा?"

दोन आठवड्यांनी त्याला गावाबाहेरच्या एका मोठ्या दुकानात काम लागले. गाड्यांच्या तळावर लोकांनी सोडलेल्या ट्रॉल्या गोळा करून आणायच्या. वयाच्या साठाव्या वर्षी! लॉन्ड्रीत कुणी विचारले तर गेनर सांगायची, "दुकानात आहे तो. व्यवस्थापनाकडे."

घरात भांडण झाले नाही. झाले असते तर गेनरला बरे वाटले असते, भांडणात ती कधी हरली नव्हती. नेव्हिल दर शुक्रवारी गॅसचे आणि विजेचे निम्मे पैसे ओट्यावर ठेवी. फ्रीजमध्ये त्याचे लोणी वेगळे, दूध वेगळे. तिने चहा दिला तर तो "थँक्यू" म्हणे, जसे हॉटेलातल्या पोरीला म्हणावे. झोपायला मागच्या खोलीत जाऊ लागला. आणि चहा तो आता मागच्या अंगणात, उभ्यानेच पिई. त्याचे भुरके तिला ऐकू येत नव्हते.

एका शनिवारी ती लँडुडनोला जाऊन आली. घरांच्या दलालाने तिची रक्कम ऐकली, पेन खाली ठेवले आणि फार गोड आवाजात सांगितले, की एवढ्या पैशात इथे घर मिळत नाही, आणि या वयात बँक बाकीचे कर्ज देत नाही. समुद्रकिनारी एखादी शेड बघायची असेल तर तसे सांगा. अकरा वर्षांत तिने एकदाही भाव विचारला नव्हता. परतीच्या गाडीत समोर एक जोडपे एकाच पुड्यातले तळलेले बटाटे खात बसले होते. गेनरने तोंड फिरवले आणि उतरायचे स्टोक स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

नेव्हिलच्या दुकानात ती कधी जात नसे. पण फेब्रुवारीत जवळचे दुकान दुरुस्तीसाठी बंद झाले आणि जावेच लागले.

सामानाची ट्रॉली घेऊन ती बाहेर आली, तेव्हा वारा सुटला होता. गाड्यांच्या तळाच्या पलीकडच्या टोकाला पिवळे जाकीट घातलेला एक माणूस वीस-पंचवीस ट्रॉल्यांची लांब रांग एकट्याने वळवत होता. कुठे जोर लावायचा आणि कुठे नुसता हात ठेवायचा, हे त्याला नेमके कळत होते. रांग गाड्यांच्या मधून निघाली, कुणाच्या आरशालाही न लागता. एका म्हातारीने त्याला काहीतरी म्हटले आणि दोघेही हसले. तो नेव्हिल आहे हे गेनरला त्या हसण्यावरून कळले. एकतीस वर्षे तो कामाला जात होता आणि तिने त्याला काम करताना कधी पाहिले नव्हते.

तो तिच्याकडे आला. तिने पिशव्या काढून घेतल्या. त्याने तिची ट्रॉली रांगेतल्या शेवटच्या ट्रॉलीत सरकवली, साखळी खटकन अडकवली, तसे ट्रॉली घेताना तिने अनामत म्हणून आत टाकलेले एक पौंडाचे नाणे बाहेर आले. त्याने ते तिच्या तळहातावर ठेवले.

"तुमचं नाणं, मॅडम."

"नेव्हिल, अरे, मी आहे."

"हो," तो म्हणाला. "तुमचंच आहे ते."

आवाजात राग नव्हता. तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईलाही तो तेवढ्याच नम्रपणे हसला, तिची ट्रॉली घेतली आणि रांगेला खांदा लावून निघून गेला. मागची गाडी हॉर्न वाजवू लागली, तरी गेनर नाणे धरून वाटेतच उभी होती.