डॉक्टरला सांगायच्या गोष्टी

यमनाप्पा विणता विणता मागावरच कलंडला. नाकातून रक्त आलं. शेजारच्या नागोजीनं त्याला शहापुरातल्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "रक्ताचा दाब वाढलेला दिसतोय. तो मोजायचं यंत्र बेळगावच्या मोठ्या डॉक्टरांकडं आहे. मंगळवारी जा. तोवर मीठ बंद, तंबाखू बंद. आणि काय काय होतं, कधीपासून होतं, ते आठवून ठेवा. ते विचारतील."

बायाक्कानं नवऱ्याची तंबाखूची चंची काढून घेतली. अळणी आमटी तो मुकाट गिळायचा. पण त्याच्या तोंडून दुखणं काढून घेणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. माणूस मुळात अबोल. त्यात एकुलता एक रवळू आठ वर्षांमागं तापानं गेला, तेव्हापासून वडगावातल्या त्या घरात कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

सोमवारी दिवे लागायच्या वेळी ती त्याच्यापुढं बसली.

"डॉक्टर मला न्हाय, तुमास्नी इचारणार. काय हुतंय ते सांगा बघू."

"डोस्कं ठणकतंय. मागल्या अंगाला."

"आनि?"

"कानात माग चालतोय. माग बंद असला तरी."

"कवापासनं?"

यमनाप्पा हाताच्या घट्ट्यांकडं बघत बसला. मग म्हणाला, "रवळू गेला त्या दिसापासनं."

बायाक्कानं वर पाहिलं.

"तू वैद्याकडं काढा आणाय गेलतीस. पोरगं झोपंतच गेलं, असं मी तुला सांगितलं. ते खोटं हाय, बाया. ते जागं हुतं. आई कुठं हाय, आई कुठं हाय, म्हणत हुतं. मी आपला 'आली बघ, आली बघ' म्हणत दाराकडं बघत ऱ्हायलो. तुला सोसवायचं न्हाय म्हणून गिळलं."

पोरगं झोपेत गेलं, त्याला काही कळलं नाही, एवढ्या एका आधारावर तिनं आठ वर्षं काढली होती. ती उठली आणि परसात जाऊन उभी राहिली. नंतर तिनं त्याला वाढलं, पण शब्द बोलली नाही.

सकाळी तिनं ऊन पाणी काढून दिलं, धुतलेलं धोतर दिलं. यंत्राची पट्टी दंडाला बांधतात, असं नागोजी सांगून गेला होता, म्हणून सैल बाह्यांची बंडी काढली.

"बाया," तो दबकत म्हणाला, "रागावलीस व्हय गं?"

"टांगा आलाय. उठा."

रेल्वेचं फाटक बंद होतं. टांगा थांबला तसं त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. डोळा लागला असेल, असं तिला वाटलं. फाटक उघडलं, टांग्याला हिसका बसला, तेव्हा तिनं पाहिलं, त्याचं तोंड एका अंगाला ओढलं गेलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, रबरी फुगा दाबला. नळीतला पारा बघून त्यांनी पट्टी सोडली. मग म्हणाले, "डोक्यातली शीर फुटलीय. त्रास होता का आधी?"

तिनं सगळं सांगितलं. डोकं, कान, नाक.

"कधीपासून?"

"आठ वर्सं."

"आठ वर्षं? आणि कुणाला बोलले नाहीत?"

बायाक्कानं यमनाप्पाच्या ओठावरची लाळ पदरानं पुसली.

यमनाप्पाला बाजेवर घालून घरी आणलं. वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं. बायाक्का त्याच्या कानाशी वाकून म्हणायची, "म्या रागावले न्हाय वं. बरं केलासा. तुमी हुतासा न्हवं त्याच्यापाशी? माझं लेकरू एकलं न्हाय गेलं."

नागोजीची बायको अक्काताई हळूच म्हणाली, "आता त्यास्नी कळत न्हाय गं."

त्याच्या डोळ्यातून पाणी वाहायचं. पण पापणी मिटत नाही म्हणून ते येतं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. बायाक्का ते पदरानं टिपायची आणि पुन्हा तेच म्हणायची.

अमावास्येच्या आदल्या दुपारी तो गेला. घोटभर पाणी पाजायला ती वाकली होती, "बरं केलासा" एवढंच म्हणून झालं होतं.