आधी शालनबाईंचं ताट

रहाटणीला शालनबाईंची खानावळ होती. पुढच्या पडवीत कंपनीची माणसं पंगतीनं जेवायची, मागं स्टोव्हपाशी शालनबाई पोळ्या लाटायच्या. नवरा भीमराज पिंपरीला फिटर. गेल्या काही वर्षांत शालनबाईंचं अंग फार सुटलं होतं. धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर बेंबीपाशी फुगा आला होता, तो एके दिवशी इतका दुखला की त्या परातीवरच वाकल्या.

सर्जननं तपासलं. "हर्निया आहे. ऑपरेशन लागेल. पण एवढ्या चरबीत टाके टिकायचे नाहीत. आधी पंधरा किलो उतरवा."

"उपास करू?"

"उपाशी मुळीच राहू नका. पोळी, भाकरी, भात, साखर, बटाटा बंद. अंडी, मासे, मटण, पालेभाजी पोटभर खा. आणि फुगा आत जाईना झाला तर तसंच उठून या."

"उतरवते," शालनबाई म्हणाल्या.

घरी सासूबाईंनी, सरूबाईंनी, डोक्याला हात लावला. दुष्काळात खडी फोडून पोरं जगवलेली बाई ती. "भाकरीला न्हाई म्हणतीस? एका भाकरीचे चार वाटे केल्यात मी!"

शालनबाईंनी वाद घातला नाही. कोपऱ्यावरच्या रहिमानकडून अंडी आणली, मेथी निवडली, सुकट भाजली. पहिला आठवडा डोकं ठणकलं. समोर टम्म फुगणारी पोळी, तिचा तो वास, आणि आपण मिठाचं ताक प्यायचं! तरी महिन्याअखेर काटा खाली आला.

दुसऱ्या महिन्यात मात्र घोटाळा झाला. जेवणारे वाढले, त्यांनी कालवण मागून घेतलं, आणि शालनबाईंनी आपल्या वाटणीची अंडीही वाढून टाकली. पंगत उठली तेव्हा डब्यात पोळ्याच उरलेल्या. पोटात आग पडली होती. त्यांनी उभ्याउभ्या साखर घालून चार खाल्ल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. दवाखान्यात काटा जागचा हलला नाही.

परतताना बसमध्ये त्यांना रडू आलं. मग राग आला. जन्मभर आपण शेवटी जेवलो, आणि शेवटी जे उरतं त्यात पोळीच असते. खोट भुकेत नव्हती, जेवायच्या पाळीत होती.

दुसऱ्या दिवशी पडवीत माणसं येऊन बसली, आणि शालनबाई आत स्वतःचं ताट वाढून घेऊन खाली बसल्या.

सरूबाई हबकल्या. "गडी माणसं ताटकळल्यात आन् तू आधी जेवतीस?"

"व्हय आत्या. माझं झालं की वाढते."

बाहेर कुरकुर सुरू झाली. उद्धवराव नावाचा जुना मेंबर दुसऱ्या खानावळीत गेला, पाठोपाठ आणखी दोघं गेले.

भीमराज म्हणाला, "गिऱ्हाईक तुटतंय, शालन."

"तुटू द्या. मी आडवी पडले तर खानावळच बंद होईल."

एका दुपारी कुणीतरी बाहेरून ओरडलं, "वहिनी, शिफ्टला जायचंय! किती वेळ?"

शालनबाई घास टाकून उठणार, तोच सरूबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. "थांबा जरा. माझी सून जेवतीया." मग आत येऊन त्यांनी भाकरी घेतली आणि सुनेच्या शेजारी बसल्या. "मलाबी भूक लागलीया. मी तरी कवा आधी जेवले?"

पंधरा किलो उतरायला वर्ष सरलं. मधे दोन महिने काटा अडून बसला, एका लग्नात बुंदीनं जीव खाल्ला. पण ऑपरेशन झालं, टाके धरले. जखम भरेपर्यंत सरूबाईंनी आणि भीमराजनं पोळ्या लाटल्या, जाड आणि वेड्यावाकड्या. पडवीतल्या माणसांनी त्या मुकाट खाल्ल्या.