माझ्याच आवाजातलं उत्तर

मी पितळेची शिट्टी बोलतेय. खाणीत सुरुंग उडवण्याआधी मला फुंकतात. वाटा अडवून उभे असलेले झेंडीवाले आपापल्या शिट्टीने उत्तर देतात, मगच स्फोट. त्या दुपारी वरच्या वाटेवरून उत्तर आलं. खालच्या वाटेवरूनही आलं, जरा उशिरा. पण ते माझ्याच आवाजात होतं.

माझी उमेदीची वर्षं मामांच्या गळ्यात गेली. ते जुने सुरुंगवाले. विचारात पडले की मला चावायचे. त्यांच्या दातांनी मला पोचा पडला आणि तेव्हापासून मी शेवटी चिरकते. पुढे वैद्यकीय तपासणीत मामांचे कान नापास झाले. ऐकू न येणाऱ्याच्या हाती सुरुंग देत नाहीत. मी कपाटाच्या खणात पडून काळवंडले.

मग भाचीने मला घासूनपुसून गळ्यात घातलं. पोरगी शिकलेली, पण दार आपटलं तरी दचकणारी.

“तू सुरुंग उडवणार? आधी कुकरला घाबरायचं सोड!” मामा हसायचे.

तरी तिने खाणीत उमेदवारी केली, लेखी परीक्षा दिली, प्रथमोपचार शिकली, डोळे-कान तपासून घेतले. परवान्यासाठी उरली होती फक्त त्या दुपारची प्रत्यक्ष चाचणी.

“आली दोन्ही उत्तरं. फिरवा सुरुंगाची चावी,” शेजारी उभे असलेले परीक्षक म्हणाले.

तिचा हात थबकला. “साहेब, खालचं उत्तर झेंडीवाल्या काकांचं नाही वाटत. शेवटी चिरकलं.”

“अहो, आवाज कड्यावर आपटून येतो. त्यातच काकांचीही वाजली असेल.”

“असेल म्हणून नाही उडवत मी.”

“असं दचकत राहिलात तर परवाना विसरा, बाई.”

तिने चावी काढून खिशात घातली. पुन्हा मला फुंकलं. पुन्हा तोच चिरका सूर परतला. दगडात बसून कुणीतरी मला वेडावत होतं.

माणसांचं हे असंच. हवं ते उत्तर कानावर पडलं की कुणी दिलं ते विचारत नाहीत.

मला सोडून ती ओरडली, “काकाऽऽ, ओ द्या!”

“...ओ द्या!” कडा म्हणाला.

पितळेला हात जोडता येत नाहीत. तरी मी विनवत होते, कुणीतरी ओ द्या रे. माझ्या आवाजात नको, स्वतःच्या आवाजात द्या.

“काकाऽऽ!”

आणि सुरुंग भरलेल्या भिंतीच्या अगदी पायथ्याकडून खरखरीत आवाज आला, “ओऽऽ पोरी! इथे खाली घसरलोय गं, शिट्टीही हरवली. उडवू नकोस!”