साकोलीवाली

योपच्या तळ्यात मासे पुष्कळ होते, आणि दुखणं नेमकं तेच होतं.

समता मेश्रामने हे पहिल्याच भेटीत सांगितलं तेव्हा योप हसला. ग्रोनिंगन या डच शहरातल्या कालव्यांवरचे पूल चाळीस वर्षं उघडून-मिटून तो निवृत्त झाला होता. भावामागे त्याच्याकडे गावाबाहेरची थोडी कुरणं आली, आणि कुरणांत हे तळं आलं. कधीकाळी रस्त्यासाठी वाळू उपसली, तो अडीच एकरांचा खड्डा पाण्याने भरला, एवढाच त्याचा इतिहास. त्यात योपने हौसेने बार्स सोडले होते. हिरवट अंगावर काळे पट्टे, पोटाखाली शेंदरी पर, आणि तोंड असं की आपल्याच जातीची पिल्लं गिळायलाही मागेपुढे पाहणार नाही, असा हा इथला शिकारी मासा. मरण्याआधी एकदा अर्ध्या मीटरचा बार्स आपल्या तळ्यात पाहायचा, ही योपची इच्छा. पण दहा वर्षं झाली तरी गळाला लागायचे ते वीतभरच.

"लहान आहेत अजून," तो म्हणाला. "वाढतील."

समताने त्यातल्याच एका मेलेल्या माशाच्या कल्ल्यावरचं झाकण काढलं, गरम पाण्यात टाकून त्याची कातडी सोलली आणि ते नखाएवढं हाड खिडकीतल्या उजेडासमोर धरलं. झाडाच्या बुंध्यात असतात तशी बारीक वलयं दिसत होती. तिने योपलाच मोजायला लावली. सात भरली.

"लहान नाही हा," ती म्हणाली. "सात वर्षांचा आहे. नुसता उपाशी आहे."

योप बराच वेळ त्या हाडाकडे पाहत राहिला. "म्हणजे मी दहा वर्षं म्हाताऱ्यांची बालवाडी चालवतोय?"

गोड्या पाण्याच्या जीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन समताला तेव्हा दोनच महिने झाले होते आणि हे तिचं पहिलं काम होतं. उपाय सोपा होता, फक्त मन घट्ट करावं लागणार होतं. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, जाळं ओढायचं आणि पंचवीस सेंटिमीटरच्या आतले तीनांतले दोन मासे बाहेर काढायचे. उरतील त्यांना पोटभर मिळेल, मग ते वाढतील. काढलेले मासे शेजारच्या गावातल्या करकोच्यांच्या संगोपन केंद्रात जाणार होते. त्यातले चार-दोन समता तांदळाच्या पिठात घोळवून तळायची आणि ताटली योपच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवून मागे सरायची. तो ते मोहरीच्या चटणीशी खायचा. करोनामुळे दोघांमध्ये दीड मीटर अंतर राखायचं तर मोजायला जाळ्याचा दांडा होताच. तो बरोब्बर दीड मीटरचा होता.

पहिलं जाळं दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये ओढलं. त्या वेळी समताचे बाबा तिथे असायला हवे होते असं नाही, पण पुढच्या महिन्यात ते येणार होते. बळवंत मेश्राम मत्स्यव्यवसाय खात्यातून निवृत्त झालेले. भंडारा जिल्ह्यातल्या तलावांत रोहू-कटला वाढवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. बुद्धपौर्णिमा साकोलीत करून दुसऱ्या दिवशी निघायचं, असं ठरलं होतं. व्हिसाचा शिक्का बसला, आईने तिखट कुटलं, आणि विमानं बंद झाली.

म्हणून समताने तळ्याकाठी खुंट रोवला आणि त्याला मोबाइल बांधला.

"जय भीम, बाबा. दिसतंय?"

"जय भीम. आभाळ दिसते. खाली कर."

तिने कॅमेरा टबाकडे वळवला. पाण्यात पट्टेच पट्टे सळसळत होते. तेवढ्यात एक मासा टबाबाहेर उडाला. तिने उचलून आत टाकला, तो पुन्हा उडाला.

"अगं, ही कोण?" बाबा खुर्चीतून पुढे झाले असावेत, आवाज मोठा झाला. "किती भरते?"

"एकोणीस. काढायच्या यादीत आहे."

"काढायची काऊन? जगायची खटपट तर हिचीच सगळ्यांत जास्त. ही माझी. परत सोड. आलो की बघतो."

नियमाने ती जायला हवी होती. समताने क्षणभर विचार केला आणि लहान कातरीने तिचा पोटाखालचा डावा पर मुळापासून कापला, म्हणजे पुढे ओळख पटेल. वहीत लिहिलं: १९ सें.मी., डावा पर, परत सोडली. 'कारण' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तिथे 'बाबा' असं लिहिलं.

बाबांनी तिचं नाव साकोलीवाली ठेवलं.

ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा जाळ्यात आली. चोवीस सेंटिमीटर! सहा महिन्यांत पाच सेंटिमीटर वाढ म्हणजे उपाय लागू पडला होता. योप आनंदाने काठावर फेऱ्या मारत होता, कॅमेऱ्यापुढून जाताना त्याने हात जोडून "जय भीम, बळवंत!" अशी हाकही मारली, ती त्याला आता येऊ लागली होती. बाबांनी मात्र एवढंच विचारलं, "विमानं कधी सुरू होतात म्हणतात?"

त्या वर्षात समताला एक सवय लागली. लोक तारखा मोजतात तसे ती सेंटिमीटर मोजायची. बाबांना विमानतळावर शेवटचं पाहिलं तेव्हा साकोलीवाली केवढी असेल? आधीच्या उपाशी वर्षांची वाढ धरून मागे हिशेब केला तर सोळा. आणि आता चोवीस. आठ सेंटिमीटर झाले बाबांचा हात हातात घेऊन.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये, जयंतीनंतरच्या आठवड्यात बाबा आजारी पडले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात खाट मिळाली हेच नशीब. सरला, समताची आई, दर दोन तासांनी बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा कळवायची: ब्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. तळ्याच्या पाण्यात प्राणवायू किती उतरला की मासे वर येऊन तोंड उघडू लागतात, हे समताला पाठ होतं. तो आकडा तिला डोक्यातून काढून टाकायचा होता. तिच्या राहण्याच्या परवान्याचं कार्ड नव्याने यायचं होतं. ते हातात नसताना देश सोडला तर परत येता येईल की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. तिने बॅग दोनदा भरली, दोनदा उपसली. मग दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून ती तळ्यावर गेली आणि जाळं ओढलं.

साकोलीवाली सापडली. पंचवीस. कापलेल्या पराच्या जागी नवा पर आला होता, आखूड, काटे नागमोडी वळलेले. समताने फोटो पाठवला. तासाभराने आईचा निरोप आला: 'दाखवला. अंगठा वर केला त्यांनी.'

बाबा घरी आले, पण फुप्फुसं पूर्वीची राहिली नाहीत. जिना चढताना मध्येच बसावं लागे. डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला नाही म्हटलं. "पुढल्या वर्षी बघू," बाबा म्हणाले. ते आता येणार नाहीत, हे दोघांनाही कळलं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

कार्ड सप्टेंबरात आलं. जायला आता काही अडत नव्हतं. पण समताने ठरवलं, एवढं ऑक्टोबरचं जाळं होऊ दे. बाबा येऊ शकत नाहीत तर निदान साकोलीवालीचा मोठा फोटो, लांबी-वजनासकट, घेऊन जावा. रिकाम्या हाताने काय जायचं?

तीन दिवस जाळं ओढलं. पस्तीसचा एक निघाला, योपने त्याला सलाम केला. डावा पर आखूड असलेली मात्र एकही नाही. प्रत्येक खेपेला मोठ्या माशांपैकी दहातले सहाच जाळ्यात येतात, हे समताच्या स्वतःच्याच वहीत लिहिलेलं होतं. न सापडणं म्हणजे मरणं नव्हे. पण उन्हाळ्यात पाणकावळेही आले होते. आणि शनिवारी तिने फोनवर सांगून टाकलं होतं, "उद्या दाखवते तुम्हाला."

रविवारी सकाळी टबात एक तीसेक सेंटिमीटरची होती. पट्टे तसेच, बांधा तसाच. समताने कातरी काढली.

"ती नाही ही," योप दांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाला.

"माहीत आहे."

योपने तोंड वळवलं आणि जाळ्यातलं शेवाळ उगाच काढत बसला.

फोन लागला. बाबांना आधी खोकला आला, मग आवाज आला. "सापडली?"

"ही बघा. साडेतीस."

"वा! भरली चांगली." थोडं थांबून ते म्हणाले, "पोट दाखव."

तिने मासा उलटा केला. बाबांनी तो आणखी जवळ धरायला सांगितला.

"सोड तिला. कासावीस होते."

तिने सोडली. बाबांनी पाणी किती थंड आहे ते विचारलं, योपचा गुडघा कसा आहे ते विचारलं, आईने नवीन तिखट केल्याचं सांगितलं. आणि मग त्याच आवाजात म्हणाले,

"समते, कातरी उकळून घेतली होती ना? ताज्या जखमेला बुरशी लवकर धरते."

समता कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली.

"जुना कापलेला पर सरळ रेषेत नसतो बाई. हजारो पाहिले आहेत मी."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, बाबा..."

"वाटलं ना. मासोळीचं नाही वाटलं. ती तलावाची होती, तलावात राहिली, नाही तर बगळ्यानं नेली." त्यांनी दम घेतला. "दीड वर्षापासून तू मला टब दाखवतेस. जाळं दाखवतेस, पट्टी दाखवतेस. तुझं तोंड कुठं दिसते? नुसते हात दिसतात. रबरी हातमोजे घातलेले." पुन्हा दम. "कार्ड आलं म्हणत होतीस."

"आलं."

"मग राहिली काऊन?"

"तिचा फोटो घेऊन यायचं होतं."

"अरे बाप्पा," मागून आई म्हणाली. "मासोळीसाठी थांबली ही!"

समताने काठावरची वही ओढली. हातमोजा दातांनी काढला. आधी लिहिलं: ३०.५ सें.मी., डावा पर आज कापला, ही साकोलीवाली नव्हे. 'कारण' या रकान्यात तिने 'माझी चूक' असं लिहिलं, कारण पुढच्या वर्षी ही जाळ्यात आली तर दुसऱ्या कुणाचाही घोटाळा होता कामा नये. खालच्या ओळीत लिहिलं: साकोलीवाली, आढळली नाही. पेन तिथेच थांबवून तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"बरोबर," बाबा म्हणाले. "ही नोंद झाली. ही वही आण येताना."

दोघांचं बोलणं योपला कळत नव्हतं, पण तो उठला. दीड मीटरचं अंतर मोडून खुंटापाशी आला आणि मोबाइल हळूच फिरवला, टबावरून तिच्याकडे.

पडद्यावर आता बाबा पूर्ण दिसत होते. गाल आत गेले होते, शर्टाची कॉलर मोठी झाली होती. तेही तिच्याकडे पाहत होते, टबातला मासा पाहावा तसे, डोळे बारीक करून, वरपासून खालपर्यंत.

"केस कोणी कापले तुझे?"

"मीच. दुकानं बंद होती तेव्हापासून मीच कापते."

"त्याच कातरीनं?"

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, पण हात माशाच्या चिकट्याने भरले होते, पुसता येईनात.

"नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते, बाबा."

"ये," ते म्हणाले. "आता थोडा वेळ अशीच उभी राहा. हलू नको."

ती पाण्यात उभी राहिली. योप दांडा घेऊन बाजूला झाला.